घरातलं वजन

बार छातीपासून वीतभर वर आला, तिथं क्षणभर रेंगाळला, आणि तेवढ्यात डोक्यामागून कुणाचा तरी हात येऊन बारखाली लागला. महेंद्रने हाक मारली नव्हती. हाताने ओढलं नाही, उचललं नाही. दोन बोटं टेकवावीत तसा तो नुसता टेकला, आणि बार वर गेला. "और एक, अंकल, मैं हूँ ना," हरेश म्हणाला. हरेश इथला ट्रेनर. उल्हासनगरचा सिंधी मुलगा, पंचविशीचा, दंडावर चिकटलेला काळा टी-शर्ट, बोलायला गोड. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे महेंद्रला कळत होतं. त्याने बार स्टँडवर ठेवला आणि उताणाच पडून राहिला. वर पांढरं छत होतं, त्यात बसवलेले दिवे होते, एसीचा गार झोत कपाळावरच्या घामाला लागत होता. "हात का लावला?" त्याने विचारलं. "अटक गया था ना अंकल." "अडकला नव्हता. थांबला होता." हरेश हसला. "वोही तो. रोज थोडासा रुकता है, मैं थोडासा देता हूँ. आपको पता भी नहीं चलता." एवढं बोलून तो पलीकडे ट्रेडमिलवर चालणाऱ्या बाईंचा वेग कमी करायला गेला.

रोज. महेंद्र उठून बसला तेव्हा समोरच्या आरशात एक माणूस उठून बसला. छाती अजून रुंद, पण कातडी खांद्यावरून थोडी ओघळलेली, पांढरी छाटलेली मिशी, गुडघ्याला इलॅस्टिकचा पट्टा. बदलापूरला राहायला आल्यावर प्रीतीनं, त्याच्या मुलीनं, आपल्या पहिल्या वाढीव पगारातून वर्षाची फी भरून त्याला इथं आणलं होतं. "बाबा, घरात त्या जुन्या डंबेल्सशी खेळत बसू नका, नीट जिममध्ये जा," म्हणाली होती. तो आला, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही आपण पूर्वीच्या निम्म्याच्या वर वजन मारतो हे पाहून त्याला मनातून बरं वाटलं होतं. घरी जेवताना तो भावनाला सांगायचा, बायकोच ती, ऐकून घ्यायची. आता त्या सगळ्या सकाळी त्याच्या डोळ्यांसमोरून उलट्या जाऊ लागल्या आणि प्रत्येक सकाळीत डोक्यामागे दोन बोटं दिसायला लागली. कुठल्या दिवशी होती, कुठल्या दिवशी नव्हती? वजन हलकं झाल्याचं त्याला एकदाही जाणवलं नव्हतं. मघाशी जाणवलं तेही हलकेपण नव्हतं. वजनाचा हट्ट गेला, एवढंच. लोखंड खाली ओढत असतं, त्याला त्याचं म्हणणं असतं, आणि मग एकदम ते ऐकून घेतं. हे असं ऐकून घेणं त्याने पूर्वी एकदा अनुभवलं होतं. तो बाकावर तसाच बसला, आणि कुठं ते त्याला आठवलं.

पंच्याहत्तर सालची जयंती. अंबरनाथ पूर्वेला वस्तीतल्या मैदानात बांबूंचं स्टेज, निळ्या पताका, आणि भाषणं सुरू व्हायच्या आधी नाथा मास्तरांच्या तालमीतल्या पोरांची प्रात्यक्षिकं. शेवटी महेंद्रचा नंबर. फळीवर उताणा पडून तीनशे पौंड. तालमीत त्याने तेवढं कधी मारलं नव्हतं. मास्तर नको म्हणत होते, याने हट्ट धरला होता. दोघांनी दोन बाजूंनी बार उचलून त्याच्या हातात दिला, आणि डोक्यामागे उभा राहिला चिंतामणी. अर्ध्यावर बार थांबला. मैदान चिडीचूप झालं. अंगातलं सगळं संपलं होतं, फक्त संपल्याचं कबूल करायचं राहिलं होतं, आणि मग बार एकाएकी वर गेला. त्यानंतर बत्तीस वर्षं अंबरनाथमध्ये कुणी ना कुणी त्याला थांबवून म्हणत आलं, तीनशे पौंडवाला महेंद्र ना तू? भावनाच्या माहेरच्यांनी याच गोष्टीवरून त्याला ओळखलं होतं. कंपनीत, युनियनमध्ये, लग्नकार्यात तो शिरायचा तो त्या वजनासकट शिरायचा. आणि आज इथं, गुळगुळीत मशिनींच्या मध्ये बसून, त्याला पहिल्यांदाच वाटलं की तो बार ज्या तऱ्हेने वर गेला ती तऱ्हा मघाशीच्या बारची होती.

तो घरी गेला नाही. पिशवी खांद्याला अडकवून रस्त्यावर आला आणि अंबरनाथच्या शेअर रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. दोन्ही बाजूंना नव्या इमारती, त्यांच्यावर फ्लॅटच्या जाहिराती, मध्येच एखादं भाताचं रान उरलेलं. वाऱ्याने घाम सुकून अंग चिकट झालं, आणि त्याला तालमीतला घाम आठवला. तो असा सुकत नसे. पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात आत भट्टी. घाम फरशीवर पडायचा आणि फरशीच्या सांध्यांतून वाहत कोपऱ्यातल्या लाल मातीच्या हौद्यात जिरायचा. मास्तर म्हणायचे, मातीला खत लागतं. नाथा मास्तर दिवसा टर्नर, संध्याकाळी उस्ताद. बहुतेक प्लेटा त्यांनी ओळखीच्या भट्टीवाल्याकडून ओतून आणलेल्या, ओबडधोबड. एकसारखी जोडी म्हणून नव्हती. दोन मोठ्यांपैकी एक किंचित जड होती, ती कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ती नेहमी डाव्या हाताला लावायची असा रिवाज होता, म्हणजे कमजोर हात रडत बसत नाही. बार मधोमध वाकलेला. बाक म्हणजे रेल्वेच्या जुन्या स्लीपरची फळी, पाठीच्या घामाने काळी आणि मऊ झालेली. भिंतीवर मारुतीची तसबीर आणि तिच्या शेजारी, त्याच खिळ्यांच्या रांगेत, बाबासाहेबांचा फोटो. उदबत्ती एकच लागायची, दोघांच्या मध्ये. आरसा मात्र नव्हता. कुणीतरी एकदा वर्गणी काढून आणायचं म्हणालं तर मास्तर म्हणाले, "आरसा न्हाव्याकडं असतो. इथं आपल्याला दुसऱ्यानं बघायचं असतं." म्हणून प्रत्येकाचा एक जोडीदार असे. आपलं अंग कसं झालंय हे जोडीदाराने सांगायचं, आणि आपण ते खरं मानायचं. आणि मास्तरांचा सगळ्यांत कडक नियम: हाक मारल्याशिवाय दुसऱ्याच्या लोखंडाला हात लावायचा नाही.

चिंतामणी हा महेंद्रचा जोडीदार. कारखान्यातल्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा, बंगल्यात राहणारा, चष्मेवाला बामणाचा पोरगा. पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून आला तेव्हा सगळे हसले होते. मास्तरांनी त्याला महेंद्रच्या शेजारी उभा केला, का ते मास्तरांनाच माहीत. सात-आठ वर्षं दोघे एकमेकांच्या डोक्यामागे उभे राहिले. माणूस उताणा पडलेला असताना उलटा दिसतो. महेंद्रला चिंतामणीचा चेहरा अजून उलटाच जास्त ओळखीचा होता, वर हनुवटी, खाली कपाळ, चष्म्यात टांगलेला पिवळा दिवा. मग चिंतामणीला पुण्याला नोकरी लागली आणि त्याने व्यायाम सोडला तो सोडलाच. मुदतीआधीच रिटायर होऊन तो परत अंबरनाथला आला त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. बदलापूरहून एक स्टेशन. महेंद्र गेला नव्हता. बायपास झालाय, फार वाळलाय, असं कुणी कुणी सांगितलं होतं, आणि ज्याच्या पाठीच्या स्नायूंचे पंख आपण रोज मोजले तो माणूस वाळलेला बघायला पाय निघत नव्हते. उद्या जाऊ, दिवाळीत जाऊ, असं म्हणत तीन वर्षं काढली. आज मात्र आपण त्याला भेटायला जात नसून काहीतरी विचारायला जातोय, हे रिक्षातून उतरताना त्याला जाणवलं आणि स्वतःचाच राग आला.

वाटेत तालमीची जागा लागली. तिथं आता पाच मजली बिल्डिंग होती. खाली पार्किंग, एक क्लिनिक, एक मोबाईलचं दुकान. मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी तालीम पाडली होती आणि प्लेटा उल्हासनगरच्या भंगारात गेल्या होत्या, पोत्यांतून, एकेक पोतं दोघा-दोघांनी उचलून. त्या दिवशी महेंद्र सेकंड शिफ्टला होता. रजा मिळाली असती, त्याने मागितली नाही. बघून काय करायचं, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटत होतं, निदान उचलू तरी लागायचं होतं.

दार उमाने, चिंतामणीच्या बायकोने उघडलं. तिने त्याला लगेच ओळखलं. "महेंद्र भावोजी ना? अहो, या. किती वर्षांनी." आत खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत चिंतामणी बसला होता. पायजमा, बंडी, बंडीच्या गळ्यातून वर आलेली टाक्यांची पांढरी रेघ. खांदे कुठं संपले आणि हात कुठं सुरू झाले ते कळत नव्हतं. महेंद्रची नजर सवयीने त्याच्या दंडावर गेली आणि त्याने ती काढून घेतली. चिंतामणीने ते पाहिलं. "बघ बघ," तो म्हणाला. "लाजू नकोस. जोडीदारच आहेस. काय, कुठून कमी झालंय सांग." आवाज तोच होता. महेंद्रला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते त्याने जिमच्या टॉवेलने पुसलं.

उमाने पोहे आणले. त्यांच्या मुलाची, सोहमची चौकशी झाली, तो बंगलोरला होता. प्रीतीची झाली. मास्तरांची आठवण निघाली, वाकलेल्या बारची, डाव्या हाताच्या प्लेटची. चिंतामणीला हे सगळं लख्ख आठवत होतं, आणि प्रत्येक आठवणीगणिक महेंद्रला धीर येत होता आणि धाकधूकही वाढत होती. शेवटी त्याने बशी खाली ठेवली. "चिंतू, एक विचारायचंय. जयंतीला मी तीनशे मारले, तेव्हा तू मागं होतास."

"असणारच. दुसरं कोण असणार?"

"तू हात लावला होतास का?"

"कुठल्या जयंतीला?" चिंतामणीने विचारलं.

"पंच्याहत्तरच्या. स्टेजवर. अर्ध्यात थांबला होता बार."

चिंतामणीने चष्मा काढला, बंडीला पुसला, परत घातला. तो आठवायचा प्रयत्न करत होता, मनापासून करत होता, आणि ते बघणं महेंद्रला जड जात होतं. "स्टेज आठवतंय रे," तो म्हणाला. "पताका आठवतायत. पण तू उचललंस ते... खरं सांगू? नाही आठवत. मी तुझ्या मागं हजार वेळा उभा राहिलो. त्यातली ती कुठली, हे कसं सांगू?"

"सगळ्या अंबरनाथला आठवतंय."

"सगळं अंबरनाथ समोर बसलं होतं. मी मागं होतो." मग म्हणाला, "लावला असेन. नसेनही. तुझ्या छातीवर मात्र पडू दिलं नसतं, एवढं छातीठोक सांगतो. असल्या छातीनं काय ठोकायचं म्हणा."

उमा आतून म्हणाली, "डॉक्टरांनी हसायला बंदी नाही केलेली, तेवढं एक बरंय." महेंद्रही हसला. पण आत कुठंतरी एक फळी निखळल्यासारखं झालं होतं. बत्तीस वर्षं ज्या एका माणसाला खरं काय ते ठाऊक होतं असं आपण धरून चाललो, त्याच्याजवळ ते नव्हतंच. हात लावला होता असं तो म्हणाला असता तर त्याच्यावर रागावता आलं असतं. आता वजन होतं आणि नव्हतं, दोन्ही सारखंच. तो उठायच्या बेतात होता. तेवढ्यात चिंतामणी म्हणाला, "मला त्या तालमीतलं सगळ्यांत जास्त काय आठवतं सांगू? तुझी आई."

"आई कुठं तालमीत यायची?"

"तालमीतून सुटल्यावर तुमच्याकडे नाही का यायचो. रखमाबाई तुझ्यासाठी अंडी उकडून ठेवायच्या. घरच्याच कोंबड्यांची. तू मागं बंबापाशी आंघोळीला जायचास आणि मी चुलीशेजारी बसायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक अंडं सोलून दिलं. मी नको म्हटलं. आमच्या घरी चालत नव्हतं म्हणून म्हटलं मी, पण त्यांचा चेहरा असा झाला की..." त्याने हात उलटा केला. "त्यांना वाटलं, त्यांच्या हातचं नको म्हणतोय. मग घेतलं मी, खाल्लं. आयुष्यातलं पहिलं. पुढं रोज एक असायचं माझ्या वाटचं. मी घरी जाताना विहिरीवर चूळ भरून जायचो. आमच्या आईला वास आला असता."

"मला हे माहीत नव्हतं," महेंद्र म्हणाला.

"तू अंघोळ करत असायचास. भरपूर वेळ करायचास." चिंतामणी खिडकीबाहेर बघत बोलत होता. "एकदा त्या जेवायला बसल्या होत्या. तुझे वडील, शिवरामकाका, रात्रपाळीला गेलेले. ताटात भाकरी आणि मीठ-मिरची, बाकी काही नाही. मी विचारलं, आई, कालवण? तर म्हणाल्या, 'त्ये पोराच्या छातीत गेलं.' आणि हसल्या. वर मलाच समजावायला लागल्या. 'आरं, तो फुगतोय, मी सुकतीय. घरातलं वजान तेवढंच हाय, हिकडचं तिकडं झालंय नुसतं.' मी मग दोन-चार दिवस आलो नाही. माझ्या वाटचं तरी वाचेल म्हणून. तर त्यांनी तुझ्याबरोबर निरोप पाठवला, बामनाचं पोरगं रुसलं का म्हणून विचार. आठवतं तुला?"

महेंद्रला निरोप आठवला. तो त्याने हसत हसत दिला होता.

घरातून निघताना चिंतामणी म्हणाला, "येत जा रे. एक स्टेशन तर आहे," आणि तो येतो म्हणाला, आणि जिना उतरला, आणि रस्त्यावर ऊन होतं. परतीच्या रिक्षात तो मागं बसला, दोन बायकांच्या शेजारी अंग चोरून. आईचं ताट आठवायचा त्याने प्रयत्न केला. आलं नाही. आपलं ताट येत होतं: अंडी, मटणाच्या दिवशी मटण, भिजवलेले चणे, दूध, ते कसं मिळतंय हे कधी विचारलं नव्हतं. त्याला आपल्या दंडाचं माप वर्षावार पाठ होतं. माप घ्यायचं तर आईच टेप धरायची. त्याने दंड फुगवायचा आणि तिने दोन्ही हातांनी टेप गुंडाळून आकडा त्याच्याकडे वळवायचा, तिला वाचता येत नव्हतं म्हणून. तो आकडा बघायचा. आता रिक्षात त्याने त्या आकड्याच्या बाजूला बघायचा प्रयत्न केला, तिथं तिचं मनगट असणार होतं, टेपला चिकटून, एवढं जवळ. बांगड्या होत्या हे आठवलं. त्या सैल होऊन पार कोपरापर्यंत मागं सरकायच्या हेही आठवलं, कारण त्या वाजायच्या आणि टेप हलते म्हणून तो तिच्यावर करवादायचा. मनगट काही दिसलं नाही. ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बाईंच्या अंगात रक्तच नव्हतं हो. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता, जिल्ह्याच्या स्पर्धेची तयारी करत होता, आणि त्याला वाटलं होतं की ती डॉक्टरांची बोलायची एक पद्धत असेल.

घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. भावना दारातच म्हणाली, "कुठं होतात? फोन तरी करायचा." तो म्हणाला, चिंतामणीकडे गेलो होतो, आणि ती ताट घ्यायला वळली, कितीतरी दिवस तीच त्याला जा म्हणून सांगत होती. हातपाय धुऊन तो बसला. तिने त्याचं ताट वाढलं. भाकरी, मुगाची उसळ, आणि वाटीत उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग, रोजच्यासारखा नीट सुटा केलेला, चिरून वर मिरपूड भुरभुरलेली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून तो पिवळं खात नसे.

"तू जेवलीस?"

"तुमचं होऊ दे. मग घेते."

"आता घे. इथंच बस."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आत जाऊन आपली ताटली घेऊन आली आणि समोर बसली. ताटलीत सकाळची चपाती होती आणि सगळे बलक, एकावर एक ठेवलेले, पिवळेधमक, कडेने हिरवट पडलेले. ती चपातीच्या तुकड्यात बलक दाबून खाऊ लागली. तो बघत राहिला. मागच्या महिन्यात तिचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं होतं आणि त्याने तिला प्रीतीसमोर सुनावलं होतं, व्यायाम नको, नियम नको, मग काय होणार.

"असं बघत बसू नका. घास उतरत नाही," ती म्हणाली.

"तुला आवडतात हे?"

"कोण म्हणतं आवडतात?"

"मग खातेस कशाला?"

"टाकायचे का मग?" तिने सहज विचारलं, जणू एवढ्या वर्षांत या प्रश्नाला दुसरं उत्तर असू शकेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. "प्रीती असते तेव्हा एक-दोन ती खाते. काही झालं का चिंतामणी भावोजींकडे? बरे आहेत ना ते?"

"बरा आहे."

त्याने हात लांब करून तिच्या ताटलीतला एक बलक उचलला. त्याने तो पुरा तोंडात टाकला. चावता चावता त्याचं पीठ झालं, टाळूला चिकटलं, घशाशी येऊन बसलं. त्याला ना गिळता येईना ना बोलता येईना. भावनाने आपल्या जवळचा पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"कोरडे असतात ते," ती म्हणाली. "घोट घोट पाणी घेत खायचे."